शनिवारची किल्ली

आमच्या गावात आम्ही नेमके कोण, हा प्रश्न तिसऱ्या पिढीतही सुटलेला नाही. देवळाकडचे लोक आम्हाला किरिस्तांव समजतात, चर्चकडचे मुसलमान समजतात आणि मुसलमानवाड्यात विचारलंत तर ते म्हणतील, "ते मां? शनवारी दुकान बंद ठेवतत ते." हे शेवटचं उत्तर त्यातल्या त्यात बरोबर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मूळचे अलिबागकडचे. आजोबा कस्टममध्ये नोकरीला होते. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या या लहानशा बंदरावर त्यांची बदली झाली, आणि पुढची बदली आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, गाव सोडलं नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही. मासे, असं माझी आई म्हणते.

मासे आम्ही खातो, पण खवले आणि पर असलेलेच. म्हणजे बांगडा चालतो, पेडवे चालतात. कोळंबी, जिला इथे सुंगटां म्हणतात, कुर्ल्या म्हणजे खेकडे, मोरी मासा, तिसऱ्या शिंपल्या, सगळं बंद. मालवणच्या किनाऱ्यावर राहून कुर्ली न खाणारा माणूस म्हणून माझी जी कीव केली जाते, ती एखाद्या दुर्धर आजाराच्या माणसाचीही होत नसेल.

गावामागे सडा आहे, कातळाचं उघडं पठार. त्याच्या समुद्राकडच्या टोकाला आमच्या तीन कबरी आहेत: आजोबांची, आजीची आणि गेल्या वर्षापासून माझ्या बाबांची. आजोबा वारले तेव्हा गावाने ती जागा दिली. तिथे जायला एकच वाट, दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचा गडगा असलेली पाणंद. ती रस्त्यापासून निघते, सड्यावर चढते, कबरींजवळून जाते आणि पलीकडे किनाऱ्यावर उतरते. त्या किनाऱ्यावर होड्या लागतात. पहाटे मासळी विकणाऱ्या बायका याच वाटेने टोपल्या डोक्यावर घेऊन रस्त्याला येतात आणि बाजाराची एसटी धरतात.

बाबा गेले ते परतीच्या धुवाधार पावसात. माणूस गेल्यावर आमच्यात कद्दीशची प्रार्थना म्हणतात, आणि त्यासाठी दहा ज्यू पुरुष लागतात. दहा म्हणजे दहा. त्या दिवशी रेल्वे बंद, घाट बंद. सगळे मिळून आम्ही तिघे जमलो. खांदा गावाने दिला. मासळीवाल्या बायका पुढे चालून वाटेवरचे वाहून आलेले दगड बाजूला करत होत्या. पण कद्दीश झालं नाही. आई आमच्या रीतीप्रमाणे सात दिवस सुतकात जमिनीवर बसली, उठली आणि मला म्हणाली, "वर्षाच्या दिवशी कबरीवर दगड बसवायचा, तेव्हा दहा माणसं पाहिजेत. मग मला कोणी काही विचारू नका."

तिने वर्षभर बाकी काहीच मागितलं नाही. साधी चहात साखर कमी पडली तरी बोलली नाही. त्यामुळे मला धाकच बसला होता.

आणि मग वाट बंद झाली. सड्याचा मोठा तुकडा एका रिसॉर्टने घेतला. पाणंदीच्या तोंडाला लोखंडी गेट आलं, गेटला कुलूप, आणि कुलपाशेजारी खुर्चीत एक वॉचमन. किनाऱ्यावर जायचं तर आता खाडीकडून वळसा. डोक्यावर टोपली घेऊन तो वळसा घातला की एसटी चुकते आणि बर्फ वितळतो.

मी काय केलं, ते सांगतो. मी चिडलो. घरात, जेवताना, व्यवस्थित चिडलो. माझं बाजारात मोटारी आणि पंप रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि त्या रिसॉर्टचे पंप माझ्याकडेच येतात. त्यामुळे घराबाहेर चिडणं मला सोयीचं नव्हतं.

पोरींना सोयी-गैरसोयीचा हा विचार शिकवायचा राहूनच गेला. पोरी म्हणजे माझी मुलगी, बारावीतली, आणि तिच्याच वयाची माझी भाची. बहीण आणि मेव्हणा इस्राएलला कामाला गेलेत. भाचीचं शिक्षण पुरं होईस्तोवर ती आमच्याकडे. दोघी ज्या एसटीने कॉलेजला जात त्याच एसटीने मासळीवाल्या बाजारात जात. गाडी चुकायला लागली तशा बायका दिसेनाशा झाल्या, आणि पोरींनी चौकशी सुरू केली.

आधी त्यांनी बायकांचे अर्ज लिहून दिले, कारण बायका बोलतात मालवणीत आणि कचेरीला लागते पुस्तकी मराठी. मग रोज पहाटे गेटपाशी उभं राहून किती रिकाम्या टोपल्या परत फिरतात त्याचे व्हिडिओ काढले. मग बायकांच्या बैठका आमच्या पडवीत व्हायला लागल्या. एकदा मी दुकानातून आलो तर माझ्याच खुर्चीत त्यांतली थोरली, जिला सगळे काकी म्हणतात, ती बसलेली. मला बघून म्हणाली, "ये रे, बस." मी पायरीवर बसलो.

"तुजी चेडवां सुंगटां खायनत नाय," काकी म्हणाली, "आणि सुंगटांसाठी भांडतत. अशी माणसां मी खंय बघूक नाय."

"काकी, बांगडेपण त्याच वाटेन येतत," माझी मुलगी म्हणाली.

"होय तर! म्हणजे पोटासाठीच मां?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि मला वल्हांडणाचा सण आठवला. दर वर्षी त्या रात्री आमच्या घरात मिसर देशातल्या गुलामीची आणि तिथून सुटकेची गोष्ट वाचतात. मी ती लहानपणापासून जेवणाआधीचा उशीर म्हणून ऐकत आलो. पुढे बाबांचा घसा बसायला लागला तेव्हा मीच वाचायला लागलो, आणि भराभरा वाचायचो, कारण स्वयंपाकघरातून मटणाचा वास यायचा. या दोघींनी मात्र ती ऐकली होती. घरात एखादी गोष्ट वर्षानुवर्षं मोठ्याने वाचायची आणि पोरं ती खरी धरतील असं मनातही आणायचं नाही, हा बिनडोकपणा आमच्यासारखी माणसंच करू शकतात.

ग्रामसभेत भाची बोलायला उठली. रिसॉर्टला मजूर पुरवणारा एक पुढारी मध्येच म्हणाला, "तुका हंयसर कित्याक पडलाहा गो? तुजी आवस-बापूस इस्राएलाक. तूय उद्या विमानात बसतलंस. गावाची भांडणां गावाक करूक दी."

मी मागच्या रांगेत खांबाआड होतो. या वाक्याची वाट मी जन्मभर बघत आलोय. कुणी कधी बोललं नव्हतं, पण आज ना उद्या कुणीतरी बोलणार, हे धरूनच मी दुकानाची पाटी लहान ठेवली, कुणाशी वाद घातला नाही आणि प्रत्येक वर्गणी दिली.

भाची म्हणाली, "मी जाईन नायतर रवान. माजो आजो मात्र हंयच पुरलेलो आसा. त्याका भेटूक जावचा तर तुमच्या वॉचमनाक इचारूचा लागता."

टाळ्या पडल्या. खांबाआड मीही वाजवल्या, आवाज होणार नाही अशा. ठराव झाला, तहसीलदारांकडे सुनावणी लागली. त्या रात्री मला झोप आली नाही. दुकानाची काच फुटल्याचं स्वप्न पडलं असतं, पण त्यासाठी झोप लागावी लागते.

काच वगैरे कुणी फोडली नाही. उलट दोन दिवसांनी रिसॉर्टचा मॅनेजर दुकानात आला. तरुण, पुण्याकडचा, बोलायला लोण्यासारखा. "अंकल, तुमच्या फॅमिलीच्या ग्रेव्ह्ज आत आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. फार वाईट वाटलं. तुमच्या धार्मिक भावनांचा आम्ही आदर करतो." आणि त्याने काउंटरवर एक किल्ली ठेवली. "मी नेटवर वाचलं, तुमचा पवित्र दिवस शनिवार असतो. दर शनिवारी गेट फक्त तुमच्या कुटुंबासाठी. कुणी अडवणार नाही."

आता, शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, आम्ही कबरीवर जात नाही. दुःखाचं काही त्या दिवशी करायचंच नसतं. आठवड्यातले सात दिवस मांडले तर याने नेमका तो एक उचलून दिला होता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "थँक्यू. फार विचार केलात."

घरी हे सांगितल्यावर पोरी आधी हसून लोळल्या. मग माझ्या हातातली किल्ली बघून त्यांचं हसणं थांबलं.

"पप्पा, तुम्ही घेतली?"

"त्याने ठेवली."

"आणि तुम्ही उचलली."

"काउंटरवर पडून राहिली असती तर गिऱ्हाइकाने नेली असती."

मुलगी म्हणाली, "उद्या सुनावणीत तो सांगणार, ज्यांची खरी अडचण होती त्यांना आम्ही वाट दिली. बाकीच्या उगाच ओरडतायत. पप्पा, आपल्या कबरी हा आपला सगळ्यात मोठा मुद्दा होता. तुम्ही तो खिशात घालून आलात."

मी आईकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रविवारी चालेल का विचार. वर्षाचा दिवस रविवारीच येतोय."

"आजी!" दोघी एकदम ओरडल्या.

"काय आजी? माझ्या नवऱ्याला कद्दीश मिळालं नाही. वर्ष झालं, तो तिथे बिनदगडाचा आहे. तुमची सुनावणी आज होईल, उद्या होईल, तारीख पडेल, साहेबाची बदली होईल. तेवढं मला थांबता येत नाही. सोपी गोष्ट आहे."

"आजोबांना तिथे नेलं कोणी? काकीने, त्या बायकांनी. त्यांना बाहेर ठेवून आपण आत जायचं?" भाचीने विचारलं.

"मी कुठे त्यांना बाहेर ठेवलंय? ज्याने ठेवलंय त्याला विचारा."

"तोच तर किल्ली देतोय."

आईने ताटातले खडे एका बाजूला सरकवले. माझी बायको मला म्हणाली, "अहो, तुम्ही तरी काहीतरी बोला." मी म्हणालो की दोघींचंही बरोबर आहे. त्यानंतर त्या घरात माझ्याशी कुणीच बोललं नाही, हे सांगायला नकोच.

किल्ली आईने पदराला बांधून ठेवली. मॅनेजरने रविवार दिला, पण सकाळी लवकर. नंतर पाहुणे नाश्त्याला बाहेर बसतात, त्यांना कबरीचा विधी दिसायला नको. माणसं ठाण्याहून, पनवेलहून, अलिबागहून शुक्रवारी आली, कारण शब्बाथला प्रवास नाही. मी धरून बरोबर दहा. त्यांतले एक आतेभाऊ गाडीत झोपले आणि दचकून जागे होऊन कुडाळऐवजी आधीच्या नांदगावलाच उतरले. सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, त्याआत त्यांना आणायचं म्हणून मी जी रिक्षा पळवली तिच्या रिक्षावाल्याने मला विचारलं, "पेशंट आसा काय?" मी म्हटलं, "दहावो माणूस आसा." त्याने आणखी काही विचारलं नाही.

शब्बाथचा दिवस घरात विचित्र गेला. माणसांनी घर भरलेलं, नारळाच्या रसातलं मटण, गप्पा, आणि पोरी कोपऱ्यात गप्प. ठाण्याचे एक काका मुलीला प्रेमाने म्हणाले, "उद्या पुढे उभी राहा हां बाळ, आजोबांची लाडकी होतीस."

ती म्हणाली, "काका, कद्दीशच्या दहात माझी मोजणी होते का?"

"नाही बाळ, ते पुरुषांचं."

"मग मी बाहेर राहते. गेटपाशी मोजतात आम्हाला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी ग्लासात पाणी ओतत राहिलो.

रविवारी बायको पाहुण्यांच्या स्वयंपाकाला घरी थांबली, आम्ही टेम्पोतून दगड आणला. काळा, गुळगुळीत, वर बाबांचं नाव मराठीत आणि हिब्रूत. गेटपाशी खाडीचा वळसा घालून आलेल्या बायका आधीच उभ्या होत्या, डोक्यावर टोपल्या, कारण रविवारी बाजार मोठा. त्यांच्यात माझ्या दोन्ही पोरी. कुणी घोषणा दिली नाही. मला वाटतं, घोषणा दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वॉचमनने माणसं मोजली. "फक्त घरचे," तो म्हणाला, आणि काकीकडे बघून म्हणाला, "तुमी मागे व्हा."

काकी मागे झाली. आई गेटच्या पट्टीपाशी थांबली. तिने हात पुढे केला, पोरींकडे. दोघींपैकी कुणीही तो धरला नाही. भाचीचे डोळे भरून आले होते. माझी मुलगी सरळ समुद्राच्या दिशेला बघत होती. काकीच शेवटी बोलली, "जावा गो चेडवांनो. आजो तुमचो आसा. आमका काय राग नाय."

"आमका आसा," माझी मुलगी म्हणाली.

आईने हात खाली घेतला आणि आत गेली.

दगड बसला. दहा माणसांनी कद्दीश म्हटलं. मी एका ओळीवर अडखळलो, नांदगावला उतरलेल्या भावाने सावरून घेतलं. आई दगडावर हात ठेवून उभी राहिली, वाऱ्याने तिचा पदर उडत होता, आणि ती बाबांशी काहीतरी बोलत होती. इतकं हळू, की मला फक्त एक वाक्य ऐकू आलं: "पोरी बाहेर आहेत, रागवू नका."

कबरीवरून निघताना हात धुवायचे असतात. पाण्याचा कॅन मी आतच विसरलो, आणि आम्ही बाहेर पडताच वॉचमनने कुलूप घातलं; वेळ संपली, आता किल्ली चालणार नाही, म्हणाला. दहा पुरुष आणि एक म्हातारी, सगळे हात अंतरावर धरून रस्त्यात उभे. काकीने टोपली खाली ठेवली, तळाच्या प्लास्टिकवर साचलेलं बर्फाचं पाणी करवंटीने काढलं आणि आईच्या हातावर ओतलं. कोळंबीचं पाणी. "वास येतलो हां," ती म्हणाली. आईने हात चोळून धुतले. मागून ठाण्याच्या काकांनीही हात पुढे केले. पोरी तोवर चालायला लागल्या होत्या.

सुनावणी पुढच्या आठवड्यात झाली आणि मुलीने सांगितलं होतं ते तिथे शब्दशः घडलं. रिसॉर्टच्या वकिलाने सांगितलं की बाधित कुटुंबाला मार्ग उपलब्ध करून देण्यात आला आहे, विधी निर्विघ्न पार पडला आहे, उर्वरित तक्रारी हेतुप्रेरित आहेत. तहसीलदारांनी मला विचारलं, "बरोबर आहे का?"

कचेरीत गेलं की माझी भाषा ताठ होते. मी म्हणालो, "महोदय, विधी झाला हे खरे आहे, तथापि..." आणि त्या तथापिपाशी माझी गाडी बंद पडली. पंपांची बिलं, दुकानाची पाटी, ग्रामसभेतलं विमान, सगळं एकदम आठवलं.

आई माझ्या मागे बसली होती. हट्टाने आली होती. ती उठली, पदराच्या गाठीतून किल्ली काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"ही यांना परत द्या. माझा दगड बसला, माझं काम झालं. आता मला या बायकांबरोबर जायचंय, म्हणजे गेट उघडल्यावर."

मॅनेजर पुढे झाला, "आजी, ठेवा ना, तुमचीच आहे."

"माझी असती तर शनिवारची दिली नसतीस."

बायकांमध्ये हशा पिकला. काकी मागून म्हणाली, "म्हातारी बरीच हुशार! आधी काम, मगे न्याय!" माझी मुलगी हसली नाही. ती कुणालाही ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "आजी, वापरून झाल्यावर परत करतेस."

"हो," आई म्हणाली. "वापरून झाल्यावर."

साहेबांनी किल्ली कागदाखाली सारली आणि पुढची तारीख दिली. त्या तारखेला ते रजेवर होते. आता आणखी पुढची लागली आहे. गेट बंदच आहे. माझ्याकडे रिसॉर्टचे पंप येत नाहीत. त्यात काही धोरण आहे की पंप खरंच बिघडायचे थांबलेत, ते मी विचारलेलं नाही.

कचेरीतून परतताना एसटीत गर्दी नव्हती. आई खिडकीशी बसली. पोरी बरोबर होत्या, पण दोन बाकं पुढे. किल्ली परत केल्याने आईचीही वाट बंद झाली होती. खाडीचा वळसा तिच्याने होणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि तिलाही. चढणीला गाडी हळू झाली तेव्हा माझी मुलगी उठली, दांड्याला धरत मागे आली आणि आजीशेजारी बसली. मग खाली बघतच म्हणाली, "कसा दिसतो?"

"काय?"

"आजोबांचा दगड. आम्ही बघितला नाही ना."

आईने तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, तळवा वर केला, आणि बोटाने त्यावर लिहायला लागली. आधी हिब्रू अक्षरं, उजवीकडून डावीकडे, मग खाली मराठी. "इथे नाव," ती सांगत होती. "इथे त्याच्या बापाचं नाव. ही ओळ थोडी वाकडी झालीय, कारागिराने घाई केली. आणि इथे, खाली, थोडी जागा मोकळी सोडलीय."

"ती कशाला?"

आई म्हणाली, "अगं, माझ्यासाठी," आणि मुलीचा तळवा मिटून टाकला.